शेजारची सीट

दादाने शेजारच्या सीटवर परत बूड टेकलं, दार ओढून घेतलं, पुन्हा उघडलं, पुन्हा ओढलं आणि मान हलवली.

"नाही गं, छोटे. ही नको."

ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिली. समोर शोरूमची काच होती आणि काचेपलीकडे दुपारचा सुस्त रस्ता. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कुणी छोटे म्हणावं, याचं तिला आताशा काही वाटत नसे. पण 'नको' ऐकल्यावर तिचे खांदे आपोआप खाली आले. हा तिसरा रविवार होता आणि तिसरी गाडी.

"का नको?"

"आरसा बघ की. एवढ्याशा आरशात मागचं काय दिसणार?"

"मागच्या रविवारच्या गाडीपेक्षा मोठा आहे, दादा."

"मग रंग."

"रंग हवा तो मिळतो."

"तसं नाही गं." दादाने पुन्हा दार उघडलं. "एकूणच."

'एकूणच'ला उत्तर नसतं. पहिल्या गाडीला त्याने डिकी लहान म्हणून नाक मुरडलं होतं, दुसरीचा आवाज त्याला परका वाटला होता. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली ती कारणं. गाड्यांची सगळी माहिती तिने महिनोन्‌महिने वाचून काढली होती, त्यामुळे त्यातलं एकही टिकत नाही हे तिला पुरतं कळत होतं. दादालाही कळत असावं.

तरीही तो 'घ्या' म्हणेपर्यंत गाडी घेता येत नव्हती. घरात तशी रीतच पडली होती. कुणीही गाडी घेवो, आधी दादाने शेजारच्या सीटवर बसायचं, एक चक्कर मारायची आणि होकार द्यायचा. उभी हयात त्याने शहराची बस चालवली होती, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन होतं. एका चुलतभावाने न विचारता गाडी आणली, तर तिचा गिअरबॉक्स महिन्याभरात बसला, आणि त्यानंतर कुणाची टाप नव्हती. गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला आणि दादाचं लायसन्स गेलं, तेव्हा ही रीतही सुटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती उलट घट्ट झाली.

या वेळचं काम अवघड होतं, हे तिलाही मान्य होतं. सोमवार ते शनिवार गर्दीत रांगत दवाखान्यात जाणारी आणि रविवारी शहराबाहेरच्या रेसच्या ट्रॅकवर सुसाट पळणारी, अशी एकच गाडी तिला हवी होती. तिचा नवरा म्हणाला होता, "आठवडाभर गाय आणि रविवारी वाघ. असं जनावर सापडलं तर मलाही दाखव." ही बुटकी, दोन सीटची करडी गाडी म्हणजे बरोबर तेच जनावर होतं. मघाशी चक्कर मारताना दवाखान्याच्या फाटकाशी असतो तसला उंच गतिरोधक आला, तर पोट न घासता पार झाली. मग मोकळा रस्ता लागला, तिने एक बटण दाबलं आणि गाडी अशी कान टवकारून धावली की तिला हसू फुटलं. तिला ती तिथेच घेऊन टाकायची होती.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. ती उतरून शोरूमच्या मागच्या भागात गेली.

"झाली का पसंत?"

"कसली पसंत. तो काही हो म्हणत नाही." तिने कपाळ दाबलं. "त्याला बघवत नाहीये. स्वतःचं लायसन्स गेलं ना."

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. दादा तसा नव्हता. पण माणूस दमला की तोंडाला येईल ते बोलतो, आणि ती फार दमली होती. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे गुडघे, कंबरा, खांदे. घरी आली की सासूबाईंची पाठ, नवऱ्याची मान, शेजारणीची टाच. कुणाच्या लग्नाला गेली तरी हातातली ताटली खाली ठेवायला लावून कुणीतरी म्हणे, जरा हा खांदा बघता का? मागे आखडलेली मान घेऊन एक रेसर तिच्याकडे आला होता. बरा झाल्यावर त्याने तिला ट्रॅकवर नेलं आणि आपल्या गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. त्या फेऱ्यांमध्ये तिला कुणी काही विचारलं नाही. पुढचं वळण, एवढंच काय ते होतं. नंतर ती पार्किंगमध्ये बसून पोटभर रडली, आणि का रडली हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिला आठवड्यातून एक सकाळ एकटीने हवी होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की माणसं मनाला लावून घेतात.

फोन ठेवून ती परतली आणि खांबाशी थबकली. दादा अजून गाडीतच होता. टायवाला, म्हणजे या शोरूमचा तो गळ्याशी टाय करकचून बांधलेला विक्रेता, दाराशी वाकून उभा होता. दादाने एक पाय बाहेर काढला, वरची कड धरली, जोर लावला, अर्धा उठला आणि मागे सीटमध्ये कोसळला. तो टायवाल्याकडे बघून हसला. त्याने पुन्हा तेच केलं आणि पुन्हा तसाच कोसळला.

दादाच्या कंबरेखाली बघायचं नाही, असा दोघांत करार होता. एकदा जेवताना ती नुसतं "दादा, तुझा खुबा" एवढंच म्हणाली, तर तो ताटावरून उठला होता. "मला पेशंट करायचं नाही," तो म्हणाला होता. "तुझ्याकडे येणारा प्रत्येक जण लंगडतच येतो. एकाला तरी धड भाऊ राहू दे." तेव्हापासून ती त्याच्या तोंडाकडे बघून बोले. माणूस खुर्चीतून कसा उठतो यावरून त्याचं दुखणं ओळखणारी ती, पण आपल्या भावाला गाडीतून उतरताना तिने या तीन रविवारांत एकदाही पाहिलं नव्हतं. तो उतरेपर्यंत ती दुसरीकडे तोंड करून उभी राहायची.

"काका, हात देऊ?" टायवाला म्हणाला.

"नको, नको. हात घेऊन काय उपयोग? तिथे चालत नाही ना."

"कुठे?"

"ट्रॅकवर. शेजारी बसणाऱ्याला आपलं आपण उतरता आलं पाहिजे, असा नियम आहे म्हणे."

"आहे खरा. आगबिग लागली तर, म्हणून."

"म्हणून तर. आधीच्या दोन्हींत जमलं नाही. हिच्यात जमेल असं वाटलं होतं." दादाने गुडघा चोळला. "हेल्मेट तिथेच मिळतं का हो शेजारच्याला? की घरून न्यायचं?"

"मिळतं तिथे. मॅडमना सांगितलंत का तुम्ही?"

"तिला कशाला? लगेच तपासायला घेईल." तो थोडा थांबला. "उभी हयात बस चालवली हो. मागे माणसं खच्चून उभी, ब्रेकसुद्धा जपून मारायचा. एकदा तरी सुसाट जायचं होतं. आता ती नेईल."

तो 'नेईल' म्हणाला ते इतक्या खात्रीने, की जणू ठरलेलंच आहे. आपण तिला विचारलेलंच नाही, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिला आधी वाटली ती काही माया नव्हती. गेला माझा रविवार. मग तिच्या लक्षात आलं, की तो जायची काहीच गरज नाही. दादाकडून कसाबसा होकार काढायचा आणि हीच गाडी घ्यायची. त्याला हिच्यातून उतरता येत नाही, नियम नियम असतो, आणि कुणाला नाही म्हणायचं पापही तिच्या माथी येत नाही. खुब्यानेच परस्पर काम केलं असतं.

ती खांबाशी उभी राहिली. गाडीत दादाने कपाळाचा घाम पुसला आणि एक पाय पुन्हा बाहेर काढला.

"तो पाय आत घे," ती जवळ जात म्हणाली.

दादा दचकला. "तू केव्हा आलीस?"

"आत घे आधी. हं. आता दोन्ही गुडघे जवळ, आणि एकदमच बाहेर वळ. पाय जमिनीला लागू देत. सीटच्या कडेला सरक. अजून. हात दाराला नाही, मांडीवर. आता नाक पुढे काढ, गुडघ्यांच्याही पुढे. आणि ऊठ."

दादा उठला. अगदी सरळ उभा राहिला आणि पायांकडे बघू लागला. टायवाल्याने टाळी वाजवायला हात उचलले, पण तिने नुसतं बघितल्यावर खाली घेतले.

"बस. परत."

"मी पेशंट नाही, छोटे."

"नाहीसच. पेशंटांना मी ट्रॅकवर नेत नाही."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग बसला, वळला, उठला. पुन्हा बसला. टायवाला कागद आणायला आत गेला. ती पलीकडून येऊन स्टिअरिंगमागे बसली. आपला आवाज चिडका यावा असं तिला वाटत होतं, पण तो नुसताच थकलेला आला.

"पहाटे निघणार. तुझ्यासाठी थांबणार नाही."

"बरं."

"रोज सकाळी व्यायाम. मी सांगेन तेवढे आणि तसेच."

"बरं."

"आणि गाडीत बोलायचं नाही. जाताना नाही आणि येताना तर मुळीच नाही." तिने दम घेतला. "मला गप्प बसायचं असतं, दादा. आठवडाभर सगळ्यांचं सगळं ऐकते मी. मला एक सकाळ कुणीच नको असतं."

शेवटी ते तोंडातून गेलंच. या माणसाने जन्मात तिचं एकही म्हणणं पहिल्या झटक्यात मानलं नव्हतं. आता तो रुसेल, नाहीतर लहानपणी बसमधून कोण फुकट फिरवायचं ते काढेल, अशी तिने मनाची तयारी केली.

"बरं," दादा म्हणाला. "मी नाहीच असं समज."

त्याने पट्टा ओढून लावला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघू लागला. गाडी जागची हलत नव्हती. काचेपलीकडून एक सायकल गेली, मग बराच वेळ काही गेलं नाही. त्याला काहीतरी विचारायचंय, असं तिला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा त्याने नुसता घसा साफ केला.

टायवाला कागद घेऊन लगबगीने आला आणि तिच्या खिडकीशी वाकला. "मॅडम, मग रंग कुठला..."

दादाने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने त्याला थोडं लांब जाऊन थांबायची खूण केली.