पुढचे दोन टायर

छबूबाई दूध घट्ट झाकणाच्या डब्यात ओतायला निघाल्या, तसा कानिफनाथांनी त्यांच्या हातातून डबा काढून घेतला. ओसरीवरचं मातीचं गाडगं उचललं, दूध त्यात काठोकाठ ओतलं, विरजण लावलं आणि वर नुसतं फडकं बांधलं.

"गाडीत सांडंल की वो," छबूबाई म्हणाल्या.

"सांडू नये म्हनूनच देतोय," एवढंच कानिफनाथ बोलले.

जास्त बोलणार तरी काय? घोळ त्यांनी स्वतःच्याच हातानं घालून ठेवला होता. अधिक महिना म्हणजे जावयाचे लाड पुरवायचा महिना. रविराजराव ठाण्याहून धोंड्याच्या जेवणाला आले ते आपल्या लाल, बुटक्या स्पोर्ट्स कारमधून. गाडी इतकी जमिनीला टेकलेली, की ओवाळताना छबूबाईंना कंबर धरून वाकावं लागलं. त्यात गावाच्या रस्त्यावर पसरलेल्या खडीनं पुढचे दोन्ही टायर कापले गेले. तसले टायर मागवायला आठवडा जाणार म्हणून जावयाचं तोंड उतरलं, आणि सासऱ्याला ते बघवेना. जावई झोपलेला असताना त्यांनी कोपरगावच्या टायरवाल्या रमीजला बोलावलं आणि त्याच मापाचे दोन नवे कोरे टायर बसवून घेतले. यंदाचं वाण हेच, असं त्यांनी मोठ्या झोकात जाहीरही करून टाकलं.

रमीज काही सांगायचा राहिला नव्हता.

"काका, मापात बसत्यात, पन मागच्यांची बरोबरी न्हाई. ते लई वेगाचे हायेत, हे एकशे नव्वदच्या पुढं न्यायचे न्हाईत. पुढं एका जातीचे, मागं दुसऱ्या जातीचे झालं की वळनावर गाडी हातात ऱ्हात न्हाई. आता ह्या दोघांच्या हिशोबानंच चालवायची."

कानिफनाथ पोट धरून हसले होते. त्यांची उभी हयात एसटी चालवण्यात गेली. एकशे नव्वदनं माणूस निघाला तर जाईल कुठं, असं त्यांनी रमीजलाच विचारलं.

उत्तर पंगतीत मिळालं. धोंड्यावर तूप ओढून घेत रविराजराव सहज म्हणाले, की येताना समृद्धीवर काटा दोनशे वीसला टेकवला, रस्ता मोकळा असला की मजा येते. कानिफनाथांचा घास हातातच राहिला.

मग त्यांनी सांगितलं. रमीजचा शब्द न् शब्द सांगितला. जावई उर्मट असता तर चार शब्द सुनावता तरी आले असते, पण तो पडला गोड स्वभावाचा. त्यानं हात पुसून सासऱ्याच्या पायांना हात लावला, नवे टायर म्हणजे जुन्यापेक्षा बरेच की मामा, म्हणाला, आणि विषय संपला. दिलेल्या वाणाला आपणच नावं ठेवायची का, म्हणून छबूबाईंनी वर डोळे वटारले. राहता राहिली लेक, ज्ञानेश्वरी. तिला त्यांनी परसात गाठलं.

"तू तरी सांग त्यांना."

"सांगते, आप्पा," ती म्हणाली आणि दोरीवरची वाळलेली साडी उगीचच सारखी करत राहिली.

तेव्हा त्यांना गाडगं सुचलं. बायकोच्या मांडीवर उघडं दूध असल्यावर कोण गाडी पळवणार आहे!

ज्ञानेश्वरी गाडीत बसली होती. तिच्या मांडीवर गाडगं ठेवायला कानिफनाथ वाकले, आणि त्यांची नजर तिच्या पायाखालच्या चटईवर गेली. गाडीतलं बाकी सगळं लखलखीत होतं. चटई मात्र तिच्या उजव्या पायाखाली झिजून झिजून पांढरी पडली होती. त्या बाजूला ना ब्रेक असतो ना काही.

तिनं पाय मागं ओढून घेतला.

जन्मभर ब्रेकवर पाय ठेवलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"हिला ऱ्हाऊ द्या की चार दिस," ते गाडीच्या खिडकीतून म्हणाले. आवाज त्यांना हवा होता तेवढा निघाला नाही.

"पुढच्या वेळी नक्की, मामा," जावई हसून म्हणाला.

ज्ञानेश्वरीनं दोन्ही हात गाडग्याभोवती धरले.

गाडी निघाली ती खरोखरच सावकाश. वळणापर्यंत तर बैलगाडीच्या चालीनं गेली. छबूबाई समाधानानं आत वळल्या. कानिफनाथांनी मात्र चपला अडकवल्या आणि ते गाडीच्या मागं चालत सुटले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर गाडगं होतं. कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दगड लावलेले. फडकं अजून कोरडं होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

समृद्धी तिथून दिसत नाही, पण उघड्या माळावरून आवाज येतो. कितीतरी वेळानं त्यांना हवा तो, किंवा नको तो, आवाज आला. गिअर बदलत गेला, तसा तो चढत गेला. कानिफनाथ गाडगं छातीशी धरून ऐकत उभे राहिले. त्यांचा उजवा पाय पुलाकडेच्या मऊ मातीत खाली खाली दाबला जात होता, आणि आवाज काही कमी होत नव्हता.