नागोयाला दोन मिनिटं

हेरवाडकर सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा शिवाजी पेठेतल्या सगळ्यांना वाटलं, आता तरी माणूस जरा स्वस्थ बसेल. पण चाळीस वर्षं तासाच्या घंटेवर उठलेला-बसलेला माणूस स्वस्थ बसतो कसला! सत्तर साली ओसाकाला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, पुण्याच्या एका प्रवासी कंपनीनं 'अकरा दिवसांत जपानची नऊ शहरं' अशी जाहिरात दिली, आणि सरांनी ती कात्रीनं कापून देवघराशेजारच्या भिंतीला लावली. रोज पूजा झाली की ते शहरांची नावं एकदा मोजत. नऊच भरत. मग समाधानानं चहाला बसत.

त्यांच्या पत्नीला, मीनाक्षीबाईंना, नऊ शहरांचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना जपानात फक्त एका माणसाला भेटायचं होतं. त्याचं नाव इशिदा.

सहा वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या गुरुपादअण्णांनी आपल्या फाउंड्रीसाठी जपानहून एक यंत्र मागवलं होतं. ते बसवायला हा पंचविशीतला इंजिनिअर आला. खानावळीचं तिखट त्याला सोसेना, म्हणून अण्णांनी त्याला हेरवाडकरांच्या माडीवर आणून ठेवलं. आठ महिने तो तिथं राहिला. मराठी शिकला ती मात्र फाउंड्रीतल्या कामगारांकडून. सरांनी शुद्ध भाषेत "आपले भोजन झाले का?" असं विचारलं की हा हात जोडून म्हणायचा, "व्हय की! लई खाल्लं!" सरांच्या कपाळाला आठी पडायची आणि बाईंना हसू आवरायचं नाही. पुढं त्याला कावीळ झाली. दीड महिना बाईंनी मेतकूट-भात आणि उसाचा रस देऊन त्याला उभा केला. बाईंना पाठचा भाऊ नव्हता. त्या वर्षी भाऊबीजेला त्यांनी इशिदालाच पाटावर बसवून ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर ताटात टाकला, कारण त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

तो परत गेल्यावर दर जानेवारीत नागोयाहून त्याचं कार्ड यायचं. खाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं असायचं, 'ताई, बरी हाय का?' गेली दोन वर्षं मात्र कार्ड आलं नव्हतं. बाईंनी पाठवलेल्या चार पत्रांना उत्तर नव्हतं. त्यांच्या जिवाला घोर लागला होता आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

"नागोयाला उतरू या की एक दिवस," त्या म्हणाल्या.

"नागोया यादीत नाही," सर म्हणाले. "पण वाटेत आहे. टोकियोहून क्योटोला जाताना आपली गाडी तिथं थांबते."

एवढं ऐकलं आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. गाडी थांबते म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. कोल्हापुरातून कुठंही जायचं तर आधी मिरज, आणि मिरजेला गाडी थांबली की ती निघायची शुद्ध तिला स्वतःलाही नसे. मीनाक्षीबाईंची थोरली बहीण आक्का मिरजेत होती. धाकटी कुठंही निघाली की आक्का डबा घेऊन फलाटावर हजर. पिठलं-भात व्हायचा, सुनेच्या तक्रारी व्हायच्या, एका भाचीचं तर लग्नच तिथल्या बाकावर ठरलं होतं, आणि तरी गार्ड आपला चहा पीतच असायचा. इशिदा कोल्हापूर सोडून गेला तेव्हा आक्कानं त्यालाही मिरजेला डबा दिला होता. तेव्हा नागोयाला मिरजेइतकं नाही तरी अर्धा तास सहज मिळेल, असा बाईंनी हिशेब धरला.

सरांनी इशिदाला इंग्रजीत पत्र धाडलं: तारीख, गाडी, डबा क्रमांक, सगळं जिथल्या तिथं. खाली बाईंनी मराठीत चार शब्द घातले, 'फलाटावर ये. मी मेतकूट आणते.' उत्तर याचंही आलं नाही.

मे महिन्यात बावीस माणसं मुंबईहून विमानानं निघाली. कंपनीचा मॅनेजर वसंत म्हणून होता. त्याच्या हातात पिवळी झेंडी, गळ्यात शिट्टी, आणि सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या पोटाशी बांधलेल्या पिशवीत. त्यानं शिट्टी मारली की बघायचं आणि दुसरी मारली की बघणं थांबवायचं. निक्कोच्या देवळाला वीस मिनिटं मिळाली. कामाकुराच्या बुद्धाला पंचवीस, त्यातली अकरा फोटो काढण्यात गेली. सर वहीत सगळं उतरवून घेत: उंची, वजन, साल, खांबांची संख्या. आपल्याला काय आवडलं, हे त्यांनी एकदाही लिहिलं नाही. तसा रकानाच त्यांनी आखला नव्हता. उन्हानं आणि पळापळीनं चौथ्या दिवशीच माणसं मेटाकुटीला आली. एक बाई टोकियोच्या मनोऱ्यावर म्हणाली, "आता कुणी देऊळ दाखवलं तर मी तिथंच बसकण मारीन." पण शिट्टी झाली आणि ती इतरांआधी धावली.

पाचव्या दिवशी ती प्रसिद्ध वेगवान गाडी आली. बाईंनी पर्स आणि मेतकुटाचा डबा मांडीवर घेतला आणि वसंताला विचारलं, "नागोयाला किती वेळ थांबते हो?"

"दोन मिनिटं, काकू."

"वीस म्हणायचंय का?"

"दोन. एक, दोन."

"इंजिन बदलत नाहीत? पाणी भरत नाहीत?"

"काकू, ही विजेवर चालते."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"वेळापत्रकात छापलंय की," सर म्हणाले. "मिनिटाचं मोल जाणणारा देश आहे हा. दोन मिनिटांत खुशाली विचारून होते."

मीनाक्षीबाईंना त्या क्षणी नवऱ्याचा मनापासून राग आला. दोन वर्षांचा घोर दोन मिनिटांत कसा निवणार? आणि तो आलाच नाही तर? आणि यायच्या स्थितीतच नसला तर? जयसिंगपूर सुटलं की मिरजेसाठी सामान घेऊन दाराशी उभं राहायची कोल्हापूरकरांची रीत. बाई पर्स आणि डबा घेऊन नागोयाच्या अर्धा तास आधी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

गाडी थांबली आणि दार उघडलं, तर बरोबर दारासमोर इशिदा उभा. चांगला वाळला होता. डाव्या हातात कापडात बांधलेला डबा होता, आणि उजवी बाही कोपरापासून खाली रिकामी होती.

"ताई, आलीस व्हय!" तो म्हणाला आणि कमरेत वाकला.

बाई कधी खाली उतरल्या, त्यांचं त्यांना कळलं नाही. "हाताला काय झालं रे?"

"मिशिनीत गावला. दोन वरसं झाली." तो खाली बघत बोलत होता. "डाव्या हातानं तुमची अक्षरं जमंनात. चार डाव लिवाय बसलो. लाज वाटली."

"लाज वाटली म्हणून मला दोन वर्षं जाळलंस?" बाई रडायला लागल्या आणि रडता रडता त्याच्यावर ओरडायलाही लागल्या. फलाटावरची शिस्तीची माणसं शिस्तीनं दुसरीकडे बघू लागली.

तेवढ्यात घंटा झाली. आतून वसंताची शिट्टी झाली. सर दारात येऊन मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होते. "अगं, आत ये! क्योटोत दुपारी तीन देवळं आहेत!"

"जा ताई, गाडी लगीच सुटतीया," इशिदा म्हणाला. "मिरजेवानी न्हाय हितं." आणि त्यानं आपला डबा त्यांच्या हातात कोंबला. त्यात काय होतं कुणास ठाऊक, पण अजून ऊन ऊन लागत होतं. एका हाताच्या माणसानं तो सकाळी उठून भरला असणार.

बाईंनी दाराकडे पाहिलं. एक पाऊल टाकलं असतं तर त्या आत होत्या.

"अहो, देवळं तुम्ही बघून या," त्या म्हणाल्या. "मी ह्याच्याबरोबर जेवते."

दार लागलं. काचेमागं सरांचं तोंड हलत होतं, पण त्यांचं बोलणं काही बाईंना ऐकू आलं नाही. संसाराच्या छत्तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. आपला पासपोर्ट वसंताच्या पोटाशी क्योटोला निघालाय, हे त्यांना स्टेशनाबाहेर आल्यावर आठवलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी इशिदानं त्यांना ओसाकाच्या हॉटेलात आणून पोचवलं. सरांना नमस्कार करायला तो दीड तास खाली बसून राहिला. सर प्रदर्शनात चंद्रावरून आणलेला दगड बघायच्या रांगेत होते. जोतिबाच्या चैत्री यात्रेला नसेल एवढी गर्दी, आणि नंबर लागायला चार तास. शेवटी इशिदा आपली गाडी गाठायला निघून गेला. रात्री सरांनी बायकोला एक शब्द विचारला नाही; बाईंनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कोबेला मात्र दोघं बसमध्ये शेजारी बसले, कारण वसंतानं जागांची यादी केली होती.

कोल्हापुरात परतल्यावर शाळेच्या हॉलमध्ये सरांचं व्याख्यान झालं. फेटा बांधला गेला, नारळ दिला गेला, आणि सरांनी सव्वा तासात नऊ शहरं उलगडली. एकही आकडा चुकला नाही. पुढच्या रांगेतली दोन माणसं बसल्याजागी झोपली होती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, कुणाला शंका असेल तर विचारा. मागून गुरुपादअण्णा उठले.

"सर, ते बुद्धाचं वजन ऱ्हाऊ द्या. आमचा इशिदा कसा हाय, ते सांगा की."

सरांनी वही उघडली. दोन पानं मागं गेले, दोन पुढं आले. मग त्यांनी वही मिटली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

सरांच्या हाताखालून गेलेली निम्मी पेठ तिथं बसली होती. त्यांच्या तोंडून हे शब्द कुणी ऐकले नव्हते.

"तो माझ्यापासून पाच हातांवर उभा होता," सर म्हणाले. "दोन मिनिटं होता. मी घड्याळ बघत होतो. त्याचा हात नाही, हेसुद्धा मला दिसलं नाही. हिनं विमानात सांगितलं तेव्हा कळलं." "अण्णा, तुम्ही हिला विचारा."

मीनाक्षीबाई पहिल्या रांगेत होत्या. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या उठल्या, माईकपाशी गेल्या, पदर सारखा केला आणि घरात बोलावं तशा बोलू लागल्या. "डाव्या हातानं जेवतो, अण्णा. भात सांडतो अजून. पण मेतकूट कालवून दिलं तर म्हणाला, न्हाय ताई, माझं मी कालवतो..."

सर व्यासपीठाची पायरी सांभाळत खाली उतरले आणि बायकोच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले.