वरचा सूर

"मग बाबा, करून टाकू ना बुक?" समिधाने विचारलं. राघोने चहाच्या कपावरून मान वर केली आणि "हो" म्हटलं.

तिने काय विचारलं ते त्याला कळलं नव्हतं. गेली चार-पाच वर्षं त्याचं असंच चाललं होतं. समोरच्याचे ओठ थांबले आणि भुवया वर गेल्या की आपल्याला काहीतरी विचारलंय एवढं समजायचं, मग चेहऱ्याचा एकंदर रंग पाहून हो म्हणायचं किंवा नाय म्हणायचं. बहुतेक वेळा ते जमून जायचं.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात राघो पॉलिशच्या मशीनवर होता. फिरत्या चाकावर ताट दाबून धरायचं, त्यात आपला चेहरा दिसेपर्यंत. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. पत्र्याच्या एका शेडमध्ये अशी चौदा मशीनं आणि चौदाही एकदम किंचाळणारी. कानात घालायला बोंडं मिळायची, पण घामाने ती निसटून पडायची आणि परत कोणी घालत नसे. कान गेले ते काही एका दिवसात नाही. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी, मग दारावरची बेल. जाडेभरडे आवाज अजून पोचायचे, बारीक आवाजांनी मात्र त्याच्याकडे येणं सोडलं होतं.

बायकोला, शालूला, हे माहीत होतं. तिने विषय कधी काढला नाही. हाताला हात लावून मगच बोलायची, इतकंच. समिधा मेडिकलच्या दुकानात सकाळी जायची ती रात्री जेवायच्या वेळेला परतायची. बाबा आपल्याच तंद्रीत असतात, असं ती कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

गुरुवारी तिने फोन त्याच्यापुढे धरला तेव्हा आपण कशाला हो म्हणालो ते राघोला कळलं. रविवारी सकाळी दहा वाजता, काशीमीऱ्याजवळच्या नाट्यगृहात, पंडित नरहरी उकिडवे यांचं बासरीवादन. दोन तिकिटं, तिसरी रांग.

राघोला हसावं की काय करावं ते सुचेना.

लांज्याहून तो नवीन आला होता तेव्हाची गोष्ट. कारखान्यातला एक जण गावी परत जाताना आपला टेपरेकॉर्डर त्याला देऊन गेला. आत एक कॅसेट तशीच राहिली होती, कव्हर नाही, नाव नाही. राघोला सिनेमाची गाणी हवी होती. त्याने बटण दाबलं आणि बासरी सुरू झाली. बंद करणार होता, पण दिवसभर मशीनपुढे उभं राहून डोकं घणघणत होतं, उठायचा कंटाळा आला म्हणून पडून राहिला. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं, घणघण थांबली होती.

त्यानंतर रोज कामावरून आला की आधी बासरी, मग आंघोळ. वाजवणाऱ्याचं नाव कळायलाच दोन वर्षं गेली; एकदा रेडिओवर तेच सूर लागले आणि निवेदिकेने नाव सांगितलं. राग कुठला ते त्याने कधी विचारलं नाही. त्याची एक जागा होती. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, मध्यावर, बासरी हळूहळू वर चढत जायची आणि अगदी टोकाला पोचून तिथेच थांबायची, उतरायचं कारणच उरलं नसल्यासारखी. ती जागा आली की राघोच्या हातातला घास हातात राहायचा. तान्ही समिधा त्याच बासरीवर झोपायची. पुढे कॅसेट झिजून गेली, तर दहावीतल्या समिधाने तेच वादन कुठूनसं शोधून त्याच्या फोनमध्ये घालून दिलं. अलीकडे तो ते लावत नसे. विचारलं तर इयरफोन टोचतात म्हणायचा.

शुक्रवारी त्याने शालूला म्हटलं, "मी काय करू तिथं जाऊन? मला आयकू येणार नाय."

शालू त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली, त्याच्या हाताला हात लावला आणि म्हणाली, "बघता तर येईल."

रविवारी पडदा उघडला आणि उकिडव्यांना कोणीतरी दंडाला धरून आणलं. ऐंशीच्या घरातला, सुकलेल्या शेंगेसारखा माणूस. राघो त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिला. या माणसाचा श्वासन् श्वास त्याला पाठ होता आणि चेहरा मात्र आज पहिल्यांदा दिसत होता. बोटं मोठ्या पेरांची, कामगाराची वाटावीत अशी. ते पाहून त्याला उगाचच बरं वाटलं.

तबला छातीत यायचा. बासरीचे खालचे सूर गोधडीआडून कोणी बोलावं तसे यायचे, मधेच हरवायचे. पण पाचेक मिनिटांत त्याने ओळखलं. तेच होतं. त्याच्या कॅसेटमधलं. बोटं कुठे रेंगाळतात, कुठे उचलली जातात, ते सगळं त्याला समोर दिसत होतं. बासरी वर चढू लागली तशी त्याच्यापुरती विरत गेली आणि जिथे विरली तिथून पुढचं आतूनच सुरू झालं. उकिडव्यांनी डोळे मिटले. बोटं उचलली गेली. आणि तो सूर लागला. टोकाला पोचला आणि थांबला. राघोच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्याने पुसलं नाही.

शेजारचा गृहस्थ मान हलवत खाली पाहत होता. स्टेजवर उकिडव्यांच्या मागे बसलेल्या शिष्येने घाईघाईने आपली बासरी ओठांना लावली होती. समिधाने त्याचा हात घट्ट धरला होता. राघोला वाटलं, सगळ्यांनाच भरून आलंय.

कार्यक्रम संपल्यावर समिधा त्याला स्टेजमागे घेऊन गेली. तो पाया पडला. आपण काय बोलायचं ते त्याने शुक्रवारपासून घोकलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "एकतीस वर्षं तुम्हाला ऐकतोय. तो वरचा सूर... तसाच लागला, पंडितजी. अगदी तसाच."

म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला. मग हळूच काहीतरी बोलला. मिशांमुळे ओठ कळत नव्हते. भुवया मात्र वर गेल्या.

"हो," राघो म्हणाला.

उकिडव्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मागची माणसं खोळंबली तरी बराच वेळ सोडला नाही.

बाहेर पायऱ्यांवर समिधा त्याच्या अगदी समोर येऊन थांबली. "बाबा, ते काय म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही?"

राघोने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या वेळी अंदाज करावासा वाटला नाही. "नाय," तो म्हणाला.

"वरचा सूर आज लागलाच नाही, बाबा. नुसती हवा आली. सगळा हॉल गप्प झाला होता. ते म्हणाले, माझी फुंक पुरत नाही आता, तुम्हाला खरंच ऐकू आला का?"

रस्त्यावरून एक कंटेनर गेला. तो राघोला ऐकू आला.

"मला आला," तो म्हणाला. "खोटं नाय बोललो. हल्ली मला वरचं कायच येत नाय, समू. बेल नाय, कुकर नाय. पण आज आला."

कितीतरी दिवसांतलं काय काय तिच्या चेहऱ्यावरून जाताना त्याला दिसलं. मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"झाली चार-पाच वर्षं. आयशीला माहितेय."

आता ती रडेल किंवा चिडेल असं त्याला वाटलं. तिने फक्त ओढणी खांद्यावरून मागे टाकली आणि पायऱ्या उतरली. दोन पावलं पुढे गेली, वळली आणि त्याच्याकडे तोंड करून, उलटी चालतच बोलू लागली. मागे बसलेली माणसं नंतर काय कुजबुजत होती, तबलजीने कसं सांभाळून घेतलं, शिष्येने मागून सूर कसा धरायला पाहिला पण तोवर वेळ गेली होती, सगळं सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

रिक्षा स्टँडपर्यंतचा रस्ता खणलेला होता. राघोने तिचा दंड धरला आणि मधूनमधून तिच्या खांद्यावरून पुढची वाट बघत, खड्डा आला की तिला हलकेच बाजूला घेत, तो ऐकत चालला.