टाकून पाहिलेला खडा

आई गेल्यापासून लाँड्री आणि धाकटा भाऊ, दोन्ही ताईनंच सांभाळले. भाऊ लहानपणापासून अबोल, म्हणून घरात त्याचं नाव गप्प्या पडलं. तिशी उलटली तरी ताई म्हणेल ती पूर्व दिशा. लाँड्रीच्या नव्या शाखेत तू बस, असं ताईनं सांगितलं तेव्हा मात्र तो शर्टावरची नजर न काढता म्हणाला, "विचार करून सांगतो."

हे वाक्य त्याचं नव्हतं. कुणीतरी कान भरत होतं. गुरुवारी दुपारी तो तासभर नाहीसा व्हायचा, म्हणून एकदा ती मागोमाग गेली. तो औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर चढला; तिथं एका मानसशास्त्रज्ञ बाईंची पाटी होती.

ताईनं झोप येत नाही असं सांगून, आडनाव बदलून, तिथली वेळ घेतली.

खोलीत दोन खुर्च्या, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा. बाई पन्नाशीच्या. आवाज मऊ, जरा जास्तच मऊ. गोड बोलून गळा कापणारी माणसं ताईनं काउंटरवर पुष्कळ पाहिली होती.

"झोप येत नाही तेव्हा मनात काय चालू असतं?" बाईंनी विचारलं.

"आपली माणसं बाहेरच्यांचं ऐकून बदलतात, ते. तुम्ही काय सांगता लोकांना? मोठ्यांना उलटं बोला?"

"मी सांगत नाही, विचारते. उत्तर त्यांचं त्यांना सापडेपर्यंत थांबते."

"आणि चुकीचं सापडलं तर?"

"तर त्याबद्दलही बोलतो."

ही ताकास तूर लागू द्यायची नाही, हे ताईनं ओळखलं. मग तिनं सरळच विचारलं, "माझा भाऊ येतो इथं. काय बोलतो तो?"

बाईंचा चेहरा जराही हलला नाही. "इथं कोण येतं, कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. उद्या कुणी तुमच्याबद्दल विचारलं, तरी हेच म्हणेन."

नक्की पाणी मुरतंय, असं म्हणत ताई जिना उतरली. दुकानात आल्या आल्या तिनं खडा टाकून पाहिला. "तुझ्या बाईंकडे जाऊन आले. त्यांनी सगळं सांगितलं."

गप्प्याच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. कॉलर पिवळी पडली. "सगळं?"

"सगळं."

"मग मला दुकान सोडायचंय, तेही कळलं असेल."

ताई मटकन स्टुलावर बसली.

गुरुवारी तो गेला आणि लगेच परतला. "ताई आली होती का, असं बाईंना विचारलं," तो म्हणाला. "तर म्हणे, कोण येतं ते सांगत नाही. पण तुमचं बोलणं मी बाहेर काढलेलं नाही. मग काढलं कुणी, भिंतींनी?"

तो पुन्हा तिकडे गेला नाही. ताईच्या मनासारखं झालं, पण घरात चैन पडेना. गप्प्या फोन पालथा ठेवू लागला, कपाटाला कुलूप लावू लागला. गिऱ्हाइकं आपसांत हसली की मान वर करून बघायचा. एकदा चहाचा कप घेता घेता त्यानं विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"बाईंनी एक अक्षर सांगितलं नाही रे. मी खोटं बोलले."

"आणि हे खरं कशावरून?"

दुसऱ्या दिवशी वेळ ठरवून ती त्याला घेऊन गेली आणि बाईंना म्हणाली, "मी आले होते, हे ह्याला सांगा. माझी हरकत नाही."

"आल्या होत्या," बाई गप्प्याला म्हणाल्या. "तुम्ही इथं येता हेसुद्धा मी त्यांना सांगितलं नाही."

गप्प्यानं आळीपाळीनं दोघींकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, तू बाहेर बस."

बंद दारातून त्याच्या आवाजाची नुसती गुणगुण येत होती. इतका वेळ सलग बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. दोनदा ती उठली, दोनदा बसली.

परतताना तिला राहवलं नाही. "माझ्याबद्दल बोललास?"

"हो."

"वाईट?"

"वाईटही."

म्हणजे आणखीही काहीतरी होतं. ते काय, हे विचारायला तिची जीभ वळवळत होती. पण विचारलं तर तो खरं सांगेल, ह्याची तिला खात्री नव्हती, आणि सांगितलंच तर आपला विश्वास बसेल, ह्याचीही नव्हती. ती त्याच्या बरोबरीनं चालत राहिली.