मान आणि पाठ

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर प्रकाशनाचं ऑफिस होतं, आणि तिथे सगळे तिला खोडबाई म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. ती मुद्रितं तपासायची आणि तिच्या हातून सुटलेल्या कागदावर लाल रेघांचं रान माजलेलं असे. हे नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि मनातून तिला ते आवडतही होतं. बावीस वर्षांत तिच्या नजरेतून चूक सुटली नव्हती. केली मात्र होती एक, आणि ती नजरचुकीने नव्हे.

त्याचं असं झालं. कोशकार सर इंग्रजी आणि रशियन वाक्प्रचारांचा मराठी कोश करत होते. एकेका कार्डावर एकेक वाक्प्रचार लिहून माणसाच्या अवयवांप्रमाणे त्यांनी तो लावला होता. आधी डोकं, मग कपाळ, डोळे, कान, नाक. कुणी जिन्याने सावकाश उतरावं तसा कोश उतरत उतरत वीस वर्षांत हनुवटीपर्यंत आला होता. खोडबाई नोकरीला लागली तेव्हा तिला रशियनचं अक्षरही येत नव्हतं. सरांनी दर शनिवारी घरी बोलावून तिला शिकवलं. ती चुकली तर ते रागवत नसत. जांभळ्या शाईने चुकीचा शब्द हलकेच खोडत आणि वर बरोबर शब्द लिहीत. खोडायला ती शिकली ती त्यांच्याकडूनच.

गेल्या वर्षी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "हा कोश पायापर्यंत कधी पोचायचा? सर थकलेत का हो?"

दुसऱ्यांच्या पुस्तकांतले स्वल्पविराम सांभाळता सांभाळता तिचा जीव विटला होता. एक तरी पुस्तक आपल्या नावाचं व्हावं, एवढंच तिला वाटत होतं. तिने दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "हात चालतो, डोकं चालत नाही. शेवटच्या शंभर कार्डांत चाळीस चुका निघाल्या."

निघाल्या होत्या चार.

आठवड्याभरात सरांना गोड भाषेतलं पत्र गेलं आणि बढतीसकट कोश तिच्याकडे आला. सरांचं सांत्वन करायलाही तीच गेली. त्यांच्यासमोर बसून दोनदा "काय हे मालक!" म्हणाली. मग शनिवारचं जाणं कमी झालं, मग बंदच पडलं. पुढे सर वारल्याचं तिला ऑफिसातच कळलं.

त्यानंतर महिन्याभराने सरांची बायको ऑफिसात आली. खोडबाई तिला काकू म्हणत असे. काकूंनी टेबलावर बुटांचा एक खोका ठेवला. झाकणावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मान आणि पाठ’.

"कार्डं आहेत. कापून ठेवली होती त्यांनी," काकू म्हणाल्या. "घरात पडून काय करायची? तुला उपयोगी पडतील." पाणीसुद्धा न घेता त्या जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोडबाईने खोका उघडला. तिच्या छोट्या खोलीत टेबल भिंतीला लागून होतं. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. खाली यंत्रं सुरू झाली होती आणि फरशी नेहमीसारखी हलकी थरथरत होती. कार्डं जांभळ्या शाईने भरलेली पाहून तिला बरंच वाटलं. आयतं काम! वर इंग्रजी, खाली रशियन, मग मराठी आणि शेवटी उदाहरणाचं वाक्य. सरांची मांडणी तीच.

पहिली काही कार्डं गमतीची होती. कुणी कामावर सतत नजर ठेवून छळत असेल तर इंग्रज म्हणतो, तो मानेवर श्वास सोडतो. रशियन म्हणतो, तो जिवावर उभा राहतो. आपल्याकडे तो मानगुटीवर बसतो. तिघांनाही त्रास एकच, जागा तेवढी वेगळी. खोडबाई स्वतःशी हसली. रशियन भीतीने शहारतो तेव्हा त्याच्या पाठीवरून बारीक मुंग्या पळतात, हे वाचून तिला सरांचा शनिवारचा आवाज आठवला. "मुंग्या हं, काटा नव्हे. काटा आपला."

अकराव्या कार्डावर ती थांबली. वाक्प्रचार साधाच होता, पाठीमागे बोलणं. इंग्रजीत पाठ, रशियनमध्ये डोळ्यांआड. खाली उदाहरण होतं, "तिने दार लोटून घेतले आणि त्याच्या पाठीमागे म्हणाली, हात चालतो, डोकं चालत नाही."

तिने कार्ड उपडं केलं. पुन्हा सुलटं केलं. मग उठून थेट केबिनमध्ये गेली.

"मालक, गेल्या वर्षी सरांबद्दल आपलं बोलणं झालं होतं. ते तुम्ही त्यांना सांगितलं होतंत?"

"कुठलं बोलणं?" मालक फोनमधून मानही वर न काढता म्हणाले. "मला काल काय जेवलो ते आठवत नाही. का? काही भानगड?"

"नाही, सहज."

ती परत आली आणि या वेळी दार नीट बंद करून, कडी सरकवून बसली. बाराव्या कार्डावर वाक्प्रचार होता, डोक्याच्या मागे डोळे असणं. तिन्ही भाषांत जवळपास सारखाच. उदाहरण होतं, "तिच्या डोक्याच्या मागे डोळे नव्हते, म्हणून दार उघडलेले तिला दिसले नाही."

खोडबाईने हळूच वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं. बाहेरच्या लांब खोलीत ऊन पडलं होतं, टंकलेखिका फळ सोलत होती, शिपाई पुडक्याला दोरी बांधत होता. कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. कडी जशी सरकवली होती तशीच, बाहेर आलेली, हवेत टोक काढून.

त्या दिवसापासून तिच्या मानेवर काहीतरी बसलं. दुखत नव्हतं, जड होतं. लहान मूल खांद्यावर घेतल्यावर सुरुवातीला काही वाटत नाही आणि मग चालता चालता ओझं व्हायला लागतं, तसं. खुर्चीत बसली की मानेच्या खळगीत मधूनच गार वारं लागे. पंखा बंद करून पाहिला, तरी लागे. एकदा त्या वाऱ्याला पुदिन्याच्या गोळ्यांचा वास आला. सर घसा बसू नये म्हणून त्या गोळ्या चघळत असत.

तिची पाठची बहीण शिवणकाम करायची. दोघी एकाच घरात राहत. एका संध्याकाळी धाकटीने तिला कोटाच्या मापासाठी उभं केलं. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत टेप धरला, वही पाहिली आणि पुन्हा धरला.

"ताई, सरळ उभी राहा की."

"सरळच आहे मी."

"काय सरळ! पाठ दीड इंच वाढलीये तुझी. पुढची बाजू तेवढीच, मागचीच वाढली. पोक आल्यावर असं होतं, पण ते वर्षानुवर्षांनी. तुझं माप मी मागच्या महिन्यात घेतलंय." धाकटीने तिच्या खांद्यांमध्ये तळवा ठेवला आणि झटकन काढून घेतला. "अगं, इथे गार का लागतंय एवढं?"

"थंडी आहे," खोडबाई म्हणाली. खिडकीबाहेर लोक बाह्या दुमडून फिरत होते.

कार्डं वाचणं तिला सोडवतही नव्हतं. रोज थोडी वाची. रशियन माणूस दुसऱ्याच्या जिवावर जगतो तेव्हा त्याच्या मानेवर बसतो, त्यापुढे उदाहरण होतं, "वीस वर्षांच्या कामावर ती आयती बसली." राबराब राबणं, इंग्रज पाठ मोडतो, रशियन पाठ वाकवतो, आपण मान मोडून काम करतो. उदाहरण होतं, "त्याने पाठ वाकवली, नाव तिचे झाले." राग कुठेच नव्हता. नेमकं, व्याकरणशुद्ध वाक्य, शेवटी पूर्णविराम. तिला तेच सहन होईना.

एकशे बारा कार्डं होती. शेवटच्यावर इंग्रजी होतं, पाठीवरून उतरणं. रशियन होतं, मानेवरून उतरणं. मराठीची ओळ कोरी, उदाहरणाची ओळ कोरी.

खोडबाई बराच वेळ पेन धरून बसली. मग तिने मराठीच्या ओळीत लिहिलं, ‘पाठ सोडणे’. आणि उदाहरणात आपल्या लाल शाईने लिहिलं, "तिने चूक मनोमन मान्य केली आणि त्याने तिची पाठ सोडली." लिहून झाल्यावर तिने डोळे मिटले आणि खरोखरच मनोमन मान्य केली. कार्ड खोक्यात ठेवून खोका कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

सकाळी कुलूप तसंच होतं. तिने कार्ड काढलं. ‘मनोमन’ या शब्दावर जांभळी रेघ होती, हलकी, नेहमीसारखी, आणि वर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘चारचौघांत’.

ती खोका काखेत मारून तशीच काकूंकडे गेली.

काकू भाजी निवडत होत्या. "ये गं," म्हणाल्या. "किती वाकलीस! तब्येत बरी नाही का?"

"काकू, सरांनी ही कार्डं कधी लिहिली?"

"कुठली?"

तिने खोका पुढे सरकवला. काकूंनी हात पुसले, चष्मा लावला आणि एक कार्ड उचललं. मग दुसरं. दोन्ही त्यांनी उजेडात धरली.

"मी तर तुला कोरी दिली होती," त्या पुटपुटल्या. "त्यांचा उजवा हात शेवटचे सात महिने लुळा होता गं. डाव्या हाताने चमचासुद्धा धड धरता येत नव्हता. कापून ठेवली होती ती आजारपणाआधी." त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. शाई अंगठ्याला लागली. ओली होती. "अक्षर त्यांचंच आहे. ‘ळ’ बघ, तोच."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मग खोडबाईने सगळं सांगितलं. केबिन, लोटलेलं दार, चाळीस चुका, खऱ्या चार. सांगताना ती जमिनीकडे पाहत होती. मान वर करायची म्हटली तरी होत नव्हती.

"त्यांना कधी कळलं हे?" शेवटी तिने विचारलं. "कुणी सांगितलं?"

"त्यांना?" काकूंचा आवाज अगदी बारीक झाला. "त्यांना नव्हतंच माहीत. शेवटपर्यंत म्हणायचे, मालकांनी घात केला, पण ती पोरगी माझी पाठीराखी आहे, ती कोश बुडू देणार नाही. तू यायची बंद झालीस तर म्हणायचे, कामात असेल." त्यांनी चष्मा काढला. "आता कळलं असेल."

खोडबाईच्या मानेच्या खळगीत गार वारं लागलं. काकूंच्या कपाळावरची बटही त्याच वेळी हलली. घराच्या खिडक्या बंद होत्या.

"काकू, मला—"

"माझी नको मागूस माफी," काकू म्हणाल्या. "मी कोण देणारी? आणि आज द्यायची माझी इच्छाही नाही. ही कार्डं राहू देत इथे. बाकीचं तुझं तू बघ."

खोडबाई ऑफिसात पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. लांब खोलीत सगळे होते, डबे आवरत होते. मालक कुणाला तरी रागावत बाहेर आले होते. ती मध्यभागी उभी राहिली.

"मला एक सांगायचंय. सगळ्यांनाच."

"पगारवाढीचं असेल तर आत या," मालक म्हणाले. कुणीतरी हसलं.

"गेल्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं की सरांच्या कार्डांत चाळीस चुका आहेत. ते खोटं होतं. चार होत्या. त्याही ऱ्हस्व-दीर्घाच्या. मला कोश हवा होता, म्हणून बोलले. सरांचं काम माझ्यामुळे गेलं, दुसऱ्या कुणामुळे नाही."

डब्यांची झाकणं लावायचा आवाज थांबला. टंकलेखिकेने सरांना वर्षानुवर्षं चहा दिला होता. तिने तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली. मालक लाल झाले, मग पांढरे.

"आता सांगून काय उपयोग? माणूस गेला."

"पुस्तक अजून छपाईला जायचंय. नाव त्यांचं घाला. माझं काढा."

मालकांनी नाव बदललं. तिची बढतीही काढून घेतली, आणि त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. तिलाही नाही. ऑफिसातल्या बायकांनी तिच्याबरोबर जेवणं सोडलं. सगळे आता तिला तोंडावर खोडबाई म्हणायला लागले. पण त्या दुपारी आपल्या टेबलापाशी बसताना तिच्या मानेवरचं ओझं उतरलं, एकदम नव्हे, कुणीतरी म्हातारा माणूस सावकाश, आधार घेत, एकेक पाय खाली टेकवत उतरावा तसं. ती श्वास रोखून बसली. मग पाठीमागे दार लागलं, हलकेच, कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून लावतात तसं. कडी आतूनच सरकलेली होती.

कोश पुरा करायचं काम मात्र तिच्याकडेच राहिलं. ते दुसरं कुणी करू शकणारही नव्हतं. पुढचा विभाग ‘हात’. तिने स्वतः कार्डं कापली आणि एका सोमवारी सकाळी पहिलं कार्ड पुढे घेतलं. एखादी गोष्ट अगदी पक्की ओळखीची असेल तर इंग्रज म्हणतो, ती मी माझ्या हाताच्या पाठीइतकी ओळखतो. रशियन म्हणतो, माझ्या पाच बोटांइतकी. मराठीत काय घ्यावं यावर ती अडली. दोन-तीन पर्याय मनात येत होते, एकही नीट बसत नव्हता. तिने पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. खाली यंत्रं चालू होती. कार्डावर काही उमटलं नाही. मानेला वारं लागलं नाही.

तिने एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं, आणि मग पेन उचलून, चुकेल की बरोबर ते माहीत नसताना, लिहायला लागली.