एमिल कुचेराची सही

वॉल्नट बेंडच्या बँकेची दहा डॉलरची नोट जगात एकच उरली आहे, असं नोटांचा व्यापारी डेलबर्ट तीस वर्षं सांगत आला होता. पूर्वी गावोगावच्या बँका स्वतःच्या नावाच्या नोटा काढत आणि कॅशियर त्यांवर शाईने सही करी. या नोटेवर सही होती एमिल कुचेराची, अल्माच्या सासऱ्यांची.

तिचा नवरा लेलंड दोन वर्षं गावातल्या वृद्धाश्रमात होता. सगळं विसरला होता, पण भरवून घ्यायचा तो अल्माच्याच हातून. ती रोज चालत जायची. आता पैसे संपले होते. भरले नाहीत तर त्याला दोनशे मैलांवरच्या सरकारी आश्रमात नेणार होते, आणि अल्माला गाडी चालवता येत नव्हती. डॉक्टरांनी त्याचं एखादं वर्ष उरलंय म्हटलं होतं. घरात जपलेली ती नोट विकली तर तेवढं वर्ष सहज निघणार होतं.

नोट घ्यायला आलेला डेलबर्ट तिच्या स्वयंपाकघरात कोलाचे, जर्दाळू भरलेले गोड पाव, खात बसला.

"वहिनी, पन्नास हजार देत होतो, तरी नाही म्हणाला तुमचा खडूस नवरा."

"अक्कल असती तर माझ्याशी लग्न केलं असतं का त्याने?"

हसत हसतच त्याने नोट भिंगाखाली धरली आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

"सही कुणी गिरवली?"

"मी," अल्मा सहज म्हणाली. "अगदी फिकी झाली होती. बाबांचं नाव पुसलं म्हणून लेलंड रडायला लागला. मग चांगलं पेन आणून गिरवली. रेष जरा हलली नाही, बघा. त्याने मोठ्याने वाचली."

डेलबर्टने नोट उलटी केली. शाई मागे उतरली होती.

"पुसली असती तरी चाललं असतं, वहिनी. गिरवलेली कोण घेणार? मी पाच देतो. तेही लेलंडसाठी."

दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म कसलं, नुसती माया होती. अल्मा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तिला तो तोडून टाकावासा वाटला.

पाच हजारांत सहा आठवडे मिळाले. एकही दिवस तिने चुकवला नाही.

सातव्या सोमवारी सरकारी आश्रमाची गाडी आली. लेलंडला आत बसवलं, पट्टा लावला. अल्मा दाराशीच उभी राहिली. तिला जागा व्हावी म्हणून तो पट्ट्यासकट होईल तेवढा पलीकडे सरकला.