तळ्याकाठून परत

धाकट्या भावाकडून परत येऊन दोन दिवस झाले होते, तरी शिवणाच्या दुकानात कापड कापणाऱ्या कटरची बॅग पलंगाखाली तशीच पडून होती. ती उघडली की सुट्टी संपली, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"आज जरा अंग मोडून आल्यासारखं वाटतंय," तो चहाच्या कपात बघत म्हणाला.

"महिनाभर तळ्यात डुंबताना नाही ते मोडलं!" बायको म्हणाली. "उठा. दुकानात ताई एकट्या मरमर मरताहेत."

"आज ताईंना सांगूनच टाकतो."

काय सांगायचं ते बायकोला ठाऊक होतं. भाऊ तळ्यावर होड्या भाड्याने द्यायचा. निघताना तो म्हणाला होता, "दादा, पुरे झाली कापाकापी. कायमचा ये इकडे." कटरने मान डोलावली होती. तेव्हापासून दुकानाचं नाव काढलं की तो विषय बदलायचा.

शिवणकामाचं ते दुकान त्याच्या आणि ताईंच्या भागीदारीतलं. तो कापायचा, ताई शिवायच्या. त्याचं टेबल आणि त्यांचं मशीन समोरासमोर. ताई वयाने मोठ्या, हाताने डावखुऱ्या आणि जिभेने तिखट.

"आले का कटरसाहेब!" त्याला दारात बघताच त्या म्हणाल्या. "काळे ठिक्कर पडलात की! अहो, डांबर होडीला लावतात, माणसाला नव्हे."

तो कसनुसा हसला. आल्या आल्या कसं सांगायचं? आधी जरा बसू, मग बोलू. टेबल लख्ख पुसलेलं होतं. कापड इस्त्री करून पसरलेलं होतं. हाताला चाळा म्हणून त्याने न बघताच उजवीकडे कात्रीला हात घातला.

"आई गं!"

तिथे टाचण्यांची उशी होती. कात्री डावीकडे, खडू डावीकडे, टेपसुद्धा डावीकडेच.

"हे कुणी मांडलं?"

"मी. दुसरं कोण मांडणार? काल मुद्दाम थांबले. म्हटलं, आल्या आल्या शोधाशोध नको. अगदी रोज दिसतं तस्संच मांडलंय."

"तुम्हाला दिसतं तसं, ताई! तुम्ही समोर बसता."

ताईंनी टेबलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! तुम्हालाही डावखुरं करून टाकलं की मी!"

दोघं पोट धरून हसले. हसता हसता कटरला त्यांच्या अंगठ्याला बांधलेली पट्टी दिसली.

"हे काय झालं?"

"तुमची कात्री, दुसरं काय. उजव्यांसाठी घडवलेली मेली. बँडवाल्यांचे कोट काय तुमची वाट बघत थांबणार होते?"

जन्मात कधी कापड न कापलेल्या ताईंनी कोट कापले होते.

"एक फोन करायचा. आलो असतो."

"म्हणून तर नाही केला. कधी नव्हे ते गेला होतात."

तळ्याकाठी दुपारी कटर ताणून द्यायचा तेव्हा ताई इथे काय करत असतील, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याने विचारलं, "ताई, तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतलीत?"

"घेतली की! मला ताप आला होता तेव्हा."

त्याने तिथल्या तिथे भावाला फोन लावला. "मी नाही येत रे कायमचा. नाही, नाही, रागावलो नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या ताई येताहेत. त्यांना होडीत फिरव आणि कशाला म्हणून हात लावू देऊ नकोस."

"कायमचा म्हणजे?" ताईंनी मशीन थांबवलं.

"म्हणजे सुट्टी डोक्यात गेली होती जरा. उतरली आता."

"आणि इथे शिवणार कोण?"

"मी. वाकडं गेलं तर आल्यावर उसवा."

"उसवावंच लागणार," असं म्हणून ताईंनी पुन्हा मशीन सुरू केलं. कटर कापडावर वाकून खडूने रेघ ओढू लागला. तेवढ्यात मशीन परत थांबलं.

"अहो, तिकडे पाण्यावर गारठा असतो का? शाल घेऊ?"